लव्हिनियाचं गाणं

अँब्रोझ पेटिफर्ड माझा मेहुणा. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. मला मात्र त्याचा आवाज ऐकला की शिसारी येते. आणि माझं दुर्दैव असं की बाल्टिमोरच्या आमच्या भागात तो आवाज न आवडणारी मी एकटीच आहे.

आवाज होताच तसा. दिवसभर इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी उकळायच्या आणि संध्याकाळी आमच्या इमारतीच्या जिन्यात तीन दोस्तांबरोबर गायचं. जिन्यात आवाज घुमतो म्हणून तिथे. वाद्यं कुणाकडेच नव्हती, तेव्हा वाद्यांचं कामही तोंडानंच चालायचं. तिघे वर ऊ-ऊ करायचे आणि अँब्रोझ खाली, पार पोटातून, डूम-डूम. त्या काळी चार पोरं गायला जमली की पक्ष्याचं नाव लावायची. ह्यांनी 'ग्रे हेरन्स' लावलं. चौघांपैकी एकानंही जन्मात बगळा पाहिला नव्हता.

माझी धाकटी बहीण लव्हिनिया माझ्याच पार्लरमध्ये तापलेल्या कंगव्यानं बायकांचे केस सरळ करायची. ती त्या डूम-डूमवर भाळली. मग बावन्न साली ह्यानं तिच्यावर गाणं रचलं. कागदावर एक अक्षर नाही, सगळं जिन्यातच ओळीला ओळ जोडत. लव्हिनिया खिडकी उघड, लव्हिनिया दिवा लाव, एवढाच मजकूर. मध्येच बाकीचे आवाज खाली आणायचे आणि अँब्रोझ न गाता नुसतं बोलायचा, "लव्हिनिया, मी खाली उभा आहे गं." बायका हातातली कामं टाकून दारात यायच्या. खोटं कशाला सांगू, तेव्हा मलाही भरून यायचं.

गाण्याची रेकॉर्ड निघणार असं ठरलं तेव्हा लव्हिनियाचे तर पाय जमिनीवर ठरत नव्हते. आमची आई ज्या गोऱ्यांकडे आयुष्यभर राबली, तिथे तिला मेरी म्हणत, कारण आधीच्या मोलकरणीचं नाव मेरी होतं. खरं नाव विचारायची कुणाला गरज वाटली नाही. आईच्या अंत्यविधीलाही त्यांनी मेरीच्या नावानं फुलं पाठवली. लव्हिनियाच्या ते मनात रुतून बसलं होतं. रेकॉर्डिंगच्या सकाळी ती मला म्हणाली, "पार्लर मी सांभाळते. तू जा त्यांच्याबरोबर. माझं नाव नीट घेतोय ना, तेवढं बघून ये."

म्हणून मी गेले. एका रेडिओच्या दुकानामागची कोंदट खोली, मधोमध एकच माइक. कंपनीचा मालक कॅल्डर नावाचा माणूस. त्यानं एकदा गाणं ऐकलं, सिगार तोंडातून काढला आणि विचारलं, "ही लव्हिनिया कोण?"

"माझी होणारी बायको," अँब्रोझ म्हणाला.

"असेल. पण रेडिओवर जो गाणी लावतो ना, त्याच्या बायकोचं नाव डोरीन आहे. डोरीन म्हटलंत तर तो रोज लावेल. लव्हिनिया म्हटलंत तर तुमच्या जिन्यातच वाजेल."

मला वाटलं, आता हा टोपी उचलून चालायला लागेल. मी तर पर्स काखोटीला मारून उभीसुद्धा राहिले.

त्यांच्यातला वरच्या पट्टीत गाणारा रॉस्को म्हणाला, "अरे बाबा, नावाचं काय घेऊन बसलास? चाल तीच आहे ना?"

"अँब्रोझ," मी म्हटलं, "त्या पोरीला मी घरी जाऊन काय सांगू?"

"मिस ऑगस्टा, तुम्ही जरा बाहेर बसता का?" तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मी बसले नाही. दाराला टेकून ऐकलं. डोरीन नाव आखूड पडत होतं, म्हणून ते चौघे ते च्युइंगगमसारखं ताणत होते. त्याची बोलायची जागा आली. मला आशा होती की निदान तिथे तरी त्याची जीभ अडखळेल. कुठली अडखळतेय! "डोरीन, मी खाली उभा आहे गं." पहिल्याच फेरीत, लोण्यासारखं. कॅल्डरनं टाळी वाजवली.

घरी आल्यावर त्यानं लव्हिनियाचा हात धरला. "नाव काय गं, डोळ्यांसमोर तूच होतीस."

"बरं," ती म्हणाली.

नुसतं बरं! मी असते तर तापलेला कंगवा त्याच्या थोबाडावर ठेवला असता. ह्या बाईनं वसंतात त्याच्याशी लग्न केलं.

तोवर ते गाणं खिडकीखिडकीतून वाजत होतं. लग्नाच्या जेवणाला खेकड्यांच्या ढिगाभोवती बसलेली मंडळी ओरडायला लागली, गाणं म्हण, गाणं म्हण. हेरन्स उभे राहिले. अँब्रोझनं नवरीकडे बघितलं आणि म्हणाला, "लव्हिनिया, मी खाली उभा आहे गं."

"चुकलास रे!" कुणीतरी ओरडलं. सगळा हॉल हसला. "डोरीन! डोरीन!" ह्याच लोकांनी जिन्यात मूळ गाणं ऐकलं होतं. माझ्या शेजारच्या बाईनं तर तेव्हा डोळे पुसले होते. आता तीच टेबल बडवत होती.

आणि तो हसला. कपाळावर हात मारला, जणू खरंच चुकला होता, आणि स्वतःच्या लग्नात, स्वतःच्या बायकोसमोर म्हणाला, "डोरीन." हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. मी माझी ताटली तशीच सोडून उठले.

रेकॉर्ड वर्षभर वाजली आणि विसरली गेली. हेरन्स पांगले. अँब्रोझ परत चादरी उकळतो आणि लग्नकार्यात कुणी म्हटलं की उठून तेवढी ओळ बोलून दाखवतो. लोक त्याच्या बायकोला हसत डोरीनच म्हणतात. सुरुवातीला ती त्यांची चूक दुरुस्त करायची.

काल पार्लरमध्ये नवी मुलगी कामाला आली. तिनं माझ्या बहिणीला विचारलं, "तुम्हाला काय म्हणू?"

मी तोंड उघडायच्या आत माझी बहीण म्हणाली, "डोरीन म्हण. सगळे तेच म्हणतात."