जावयाचे पाय

चेंडू नवऱ्याच्या डोक्याला लागला आणि तो विहिरीच्या कठड्यावर कोसळला. मला वाटलं, गेला.

ऑफिसातल्या साहेबांबरोबर खेळायचं म्हणून जावई आमच्या वाडीत गोल्फचा सराव करत होते. त्यांची नजर केळींकडे होती, पण पाय आणि खांदे विहिरीकडे वळलेले. मी ते आधीच पाहिलं होतं. जन्मभर लाकडं फोडली, जिकडे पाय, तिकडे घाव, हे मला ठाऊक. पण जावयाला कोण शिकवणार, म्हणून गप्प राहिले.

दवाखान्यात नेताना रिक्षात नवऱ्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. लुगडं रक्ताने भिजत होतं. श्वास चालू आहे का, ते मी सारखी नाकाशी हात धरून बघत होते.

"आई, माझं काय चुकलं?" जावयांनी विचारलं.

"तुमचे पाय," मी म्हणाले. "आणि मी बोलले नाही."

दोन दिवस त्याने कुणाला ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशी चहा मागितला. नवरा जगला.