आमची टाकी, काकीची विहीर

आत्ताच लिहिते, नाहीतर परत राहून जाईल. ताट वाढून ठेवलंय आईने, ते तसंच आहे. हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आईला नाही, बाबांना नाही, जिला माझं सगळं सगळं माहिती असतं त्या मैत्रिणीला पण नाही. चुका होतील टाइप करताना, होऊ देत. परत वाचलं तर मी पुसून टाकीन.

आमचं घर बांधलं ना, तेव्हाचं आहे. म्हणजे घराचं नाही, परवानगीचं.

आम्ही रत्नागिरीत राहतो, शहराच्या कडेला, जिथे बिल्डिंगी संपतात आणि आंब्याची कलमं सुरू होतात. बाबा जहाजावर असतात. वर्षातले बरेच महिने ते कुठल्या समुद्रात आहेत हे आम्हाला फोन आला की कळतं. त्यामुळे घरातली कागदपत्रं, ऑफिसं, सह्या — सगळं माझ्यावर. आणि मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, नुकतीच एका इंजिनीयर सरांकडे लागलेली. मग काय, मी सगळ्यांना सांगत सुटले, आमच्या घराचा नकाशा मी काढणार. बाबांना म्हटलं, तुम्ही रजेवर याल तेव्हा परवानगी हातात असेल, तुम्ही फक्त नारळ फोडा.

आणि काढला पण. पुढे पडवी, वर गॅलरी, गॅलरीतून समुद्राची एक बारीक रेघ दिसते, ती दिसावी म्हणून मी जिना फिरवला होता. संडासाची टाकी आणि तिचा शोषखड्डा मागच्या कोपऱ्यात, गडग्याला म्हणजे दगडी कुंपणाला लागून. सरांनी बघितला, म्हणाले, "बरा जमलाय की तुला." सही केली. फाईल परवानगीसाठी ऑनलाईन गेली. मी तीन दिवस हवेत होते.

मग एका संध्याकाळी मागच्या दारी कपडे काढत होते आणि रहाटाचा आवाज आला. काकी पाणी काढत होती.

काकी म्हणजे शेजारची. सख्खी नाही, पण आई कामाला जायची तेव्हा मी तिच्याच पडवीत वाढले. माहेर किनाऱ्यावरच्या बुरोंडीचं, आवाज असा की समोरच्या वाडीतून ओ यावी. नवरा गेलेला, मुलगा विरारला. एकटी राहायची. आणि तिची विहीर — गडग्याच्या पलीकडे, आमच्या कोपऱ्यापासून हाकेच्या पण नाही, कुजबुजीच्या अंतरावर.

मी विसरले होते. खरंच सांगते, तोपर्यंत ती चूकच होती. आपण मोजतो ते आपल्या गडग्यापर्यंत. पलीकडे 'शेजारची जागा' असं लिहितो आणि सोडून देतो. पण जिचं पाणी पिऊन मोठी झाले ती विहीर विसरायची? टाकी विहिरीपासून किती लांब हवी याचा नियम असतो, मला पाठ होता, परीक्षेत लिहिला होता मी तो. आणि नियम राहू दे, जांभा दगड कसा असतो हे आमच्याकडे शाळेतल्या पोराला पण माहिती असतं. भोकं भोकं. वरून ओतलं की खाली जातं, आणि आमची जागा काकीकडे उतरती.

एक फोन करायचा होता सरांना. टाकी पुढे घ्यावी लागली असती, पडवी गेली असती, जिना परत सरळ झाला असता, फाईल मागे आली असती. एवढंच. पण सर म्हणाले असते ना, विहीर दिसली नाही तुला? स्वतःच्या शेजारची?

मी नाही केला.

परवानगीच्या ऑफिसातले साहेब जागा बघायला आले तेव्हा गडग्याला लागून बांधकामाच्या चिऱ्यांची, जांभ्याच्या ठोकळ्यांची, रास होती. पावसात खाणी बंद असतात म्हणून लोक आधीच चिरे आणून ठेवतात, आम्ही पण आणले होते. त्या राशीमुळे पलीकडचं काही दिसत नव्हतं.

नाही. असं नाही लिहायचं. ती रास तिथे आपोआप नव्हती. ट्रकवाला पुढे उतरवत होता. म्हणत होता, "बाय, फुडं बरा पडंल, मागं नेवाक उगाच तरास." मी त्याला मागे लावायला लावलं. डोक्याच्या वर जाईल एवढं उंच रचून घेतलं, उभं राहून. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

ऊन होतं त्या दिवशी. साहेब घामाघूम. कुणी आलंय हे बघून काकी स्वतःहून तांब्या-भांडं घेऊन आली, तिची सवयच ती. साहेब एक भांडं प्यायले, मग अजून एक. म्हणाले, "गोड आहे हो पाणी. विहिरीचं का?"

काकी शेजारी उभी होती. आणि मी म्हटलं, "नाही, नळाचं. इथे जवळपास विहीर नाही."

पटकन म्हटलं. आवाज पण नाही हलला. तुम्हाला माहिती आहे का, खोटं बोलताना आवाज हलतो असं सगळे म्हणतात — नाही हलत.

काकीने माझ्याकडे बघितलं. मग साहेबांना म्हणाली, "अजून घालू काय?"

का नाही बोलली ती? मी किती वेळा विचार केलाय. तिला वाटलं असेल, शिकलेली पोर आहे, ऑफिसच्या माणसापुढे काही बोलते आहे तर कारण असेल. नंतर तिने कधी विचारलं नाही. विचारायला हवं असं पण तिला वाटलं नसेल. आपल्या माणसाच्या कामात आडवं यायचं नाही, एवढंच तिला माहिती.

परवानगी आली. बाबांनी नारळ फोडला. नळाला पाणी पुरेना तेव्हा काकीने तिच्या विहिरीवरून पाइप टाकू दिला. आमच्या भिंती तिच्या पाण्यावर उभ्या आहेत, स्लॅब भिजत ठेवायला वर तळं केलं होतं ते पण तिच्याच पाण्याचं. ती रोज येऊन बघायची, म्हणायची, "बायनं काढलान हो नकाशा, बायनं." येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर एकदा म्हणाली, "पान्याला वास मारतो गो."

इथे तरी बोलायचं होतं ना? मी काय म्हटलं माहितीये? पानं कुजली असतील, उपसून घेऊ. आणि उपसली पण, मी स्वतः उभी राहून. ब्लीचिंग पावडर आणून टाकली. काकी आईला सांगत होती, "स्वताच्या पोरीवानी करते." मी तिथेच होते. हसले.

मग तिला कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून प्या. ती म्हणाली, विहिरीचं पाणी काय उकळायचं, देवाचं पाणी ते. अंगावरची कातडी पिवळी झाली होती तिची, डोळे तर बघवत नव्हते, आणि मी तिच्यासाठी मुळ्याचा पाला शोधत फिरत होते. सगळ्यांना वाटत होतं किती करते ही. मुलगा आला आणि तिला विरारला घेऊन गेला. जाताना तिने किल्ली माझ्याकडे दिली.

तेव्हापासून मी आमच्या संडासात पाणी ओतलं की थांबते. ते कुठे जातंय ते ऐकत उभी राहते. ऐकू काही येत नाही. आणि रहाट — दोर काढून ठेवलाय मीच, घर बंद आहे, तरी संध्याकाळी कपडे काढताना तो वाजतो. आईला विचारलं एकदा, तुला ऐकू आला का काही? आई म्हणाली, काय? मी म्हटलं, काही नाही.

फोन करते काकी अधूनमधून. दर वेळी विचारते, विहीर कशी आहे. मी दर वेळी सांगते, छान आहे.

आज दुपारी फोन आला. शुक्रवारी येतेय, कायमची. "हितं बाटलीतला पानी पितात गो, तोंडाला चवच नाय. इहीर उपसून ठेव, आल्या आल्या एक कळशी भरीन म्हणते." खूश होती. मी हो म्हणून ठेवला. मग जेवायला बसले, ताट तसंच ठेवलं. उठले आणि परत लावला.

सगळं सांगितलं. एका दमात, चिऱ्यांच्या राशीपासून. टाकी, खड्डा, उतार, साहेब, वास कशाचा येत होता ते, कावीळ कशाने झाली ते. माफ कर असं नाही म्हटलं, ते म्हणायची माझी लायकी नाही. पलीकडे टीव्ही चालू होता.

मग ती म्हणाली, "मग मी आता पानी कुठला भरू?"

रागाने नाही. खरंच विचारत होती, जसं काय मला माहिती असणार, मी शिकलेली ना.

मी म्हटलं, आमच्याकडून भर, नळाचं. ती म्हणाली, "हां." आणि ठेवला. शुक्रवारी येणार की नाही ते बोलली नाही. मी पण विचारलं नाही.

तुमच्यापैकी कुणी उठवलंय का असं एखादं माणूस त्याच्या घरातून, 'इथे जवळपास विहीर नाही' एवढ्याशा वाक्याने?