बैलाची भूल

मारेगावकडच्या एका जनावरांच्या दवाखान्यात मी शिकायला जायचे. तिथले डॉक्टर प्रत्येकाला ‘बाप्पा’ म्हणायचे, बैलालाही. शस्त्रक्रियेआधी दोन्ही बाह्या अगदी सारख्या दुमडायचे आणि काम करताना गुणगुणायचे. त्यांच्यासारखे टाके मी अजून कुणाचे पाहिलेले नाहीत.

कापूस मातीमोल झाला त्या वर्षी एक म्हातारी बैल घेऊन आली. त्याच्या शिंगाला कॅन्सर झाला होता. शिंग मुळापासून कापावं लागणार होतं.

“भुलीची बाटली संपली बाप्पा,” डॉक्टर म्हणाले. “दोर कसून बांधा.”

आम्ही बैल आडवा पाडला. करवत लागताच तो जोरात हंबरला, मी हातातला ट्रे घट्ट धरला. म्हातारी त्याच्या मानेला बिलगून बसली होती. डॉक्टर गुणगुणतच होते.

दुपारी बियाण्याच्या दुकानदाराचा कुत्रा आला. कानाला एवढीशी जखम होती. डॉक्टरांनी स्वतःच्या बॅगेतून भुलीची भरलेली बाटली काढली.

“सर, सकाळी संपली होती ना?”

“तो बैल होता बाप्पा. बैलाले सवय असते.”

“शिंग कापून घ्यायची?” मी ओरडले.

ते सुई भरत राहिले.

मी ट्रे आपटून बाहेर आले. कडुलिंबाखाली बैल अजून थरथरत होता. म्हातारी त्याच्या तोंडावरच्या माशा हाकलत होती. मला पाहून म्हणाली, “लय गुणाचा हात हाय माय डॉक्टरचा. वाचला माहा बैल. त्यायले माहा रामराम सांगजो.”

तो रामराम मी त्यांना सांगितला नाही.