टिपू एकटा राहत नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांनाही नाही. धाकट्या बहिणीला, सुमनला, सांगायची वेळच आली नाही — का, ते कळेलच.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं तेव्हाची गोष्ट. नवरा तिथे सुपरवायझर, आम्ही बोईसरला भाड्याच्या दोन खोल्यांत. आधीच्या भाडेकरूची बदली झाली आणि तो आपला कुत्रा दारातच टाकून गेला. टिपू. एकदा टाकलेलं जनावर ते — मी विहिरीवर निघाले तरी गळा काढायचं. पडवीत बांधावं, तर साखळी ओढून ओढून मान सोलून घ्यायचं. सगळी आळी वैतागली होती.

त्याला एकटं राहायला मी शिकवलं. निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. तेवढं ऐकलं की तो थरथरायला लागायचा. मग मी ‘येते’ म्हणून नुसती कडी वाजवायचे आणि परत बसायचे. पुढे अंगणापर्यंत, मग विहिरीपर्यंत. माझं जुनं लुगडं त्याच्याखाली घालायचे, सुक्या बोंबलाचं डोकं पुढे ठेवायचे. रडत असताना परतायचं नाही, गप्प झाला की परतायचं — हे माझं मलाच उमगलं. उन्हाळा सरेपर्यंत मी बाजार करून आले तरी तो त्या लुगड्यावर निजलेला असायचा. इतका धीर होता माझ्याकडे! कुत्र्यासाठी होता.

कारण त्याच दिवसांत माहेरी, माकुणसारला, आई अर्धांगवायूने पडली होती. तिला उचलणं, पुसणं, भरवणं — सगळं सुमन एकटी करत होती. मी एकदा गेले. अंथरूण बदलायला हात घातला आणि मला ओकारी आली. आईने ते पाहिलं. वाचा गेली होती तिची, डोळे नव्हते गेले. ‘येते हं, आय’ म्हटलं आणि संध्याकाळच्या गाडीने परतले.

तिची दया येत होती, म्हणून बघवत नव्हतं, असं म्हणू? नाही हो. मला किळस यायची. रागही यायचा, तिचाच.

त्यानंतर सुमनचा निरोप आला की माझं उत्तर ठरलेलं — टिपू एकटा राहत नाही, रडून जीव देईल. मुक्या जनावराचं नाव पुढे केल्यावर कोण काय बोलणार? त्याचं रडणं तर सगळ्या आळीने ऐकलेलं होतं. थांबलेलं रडणं कोण लक्षात ठेवतं?

एकदा दुपारी भाजी घेऊन आले, तर पडवीत सुमन. शेजारी कपड्यांची पिशवी. आईजवळ शेजारच्या काकीला बसवून आली होती.

“ताय, तू जा आयकडं,” ती म्हणाली. “मी ऱ्हाते कुत्र्याजवळ. तेवडीच माजी पाठ टेकंल.”

टिपू तिच्यापासून हातभर लांब, लुगड्यावर घोरत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या भरल्या पिशवीकडे.

“मी आले तवापासून निजलाय,” एवढंच बोलली.

तेव्हा तरी निघावं ना तिच्याबरोबर? चपला पायातच होत्या माझ्या. मी चहाचं आधण ठेवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ती निघून गेली होती. टिपू जागा होऊन शेपटी हलवत होता.

निरोप पुन्हा आला तो आई गेल्याचाच.

तेराव्याला पंगतीत मामींनी सगळ्यांदेखत विचारलं, थोरली असून शेवटी आईजवळ का नव्हतीस? सुमन भात वाढत होती. तीच म्हणाली —

“तिचा कुत्रा एकटा ऱ्हात नाय, मामी.”

आणि भाताचं पातेलं घेऊन पुढच्या पानाकडे सरकली. मामी माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली, हो म्हणून.