फार स्वच्छ बर्फ

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीच्या जेटीवर मासळीसाठी बर्फ विकायचो. एका सकाळी एक चष्मेवाला पाहुणा माझ्या लादीवर हात फिरवत बसला. आम्हाला सांगू लागला की पुण्यात तो संगणकावर हिमालयातल्या बर्फाचं गणित मांडायचा. पण त्याच्या गणितातला बर्फ खऱ्यापेक्षा नेहमी उशिरा वितळायचा.

शेजारची मासळीवाली मावशी हसली. "अवो, कचरा पडलेला बरफ आधी इरघळतो. काळ्याला ऊन जास्त लागतं."

तो ताडकन उठला. "मावशी, माझ्या गणितातला बर्फ फार स्वच्छ होता हो, धूळ मी धरलीच नव्हती!" असं ओरडत तो टोपल्यांमधून नाचला, मावशीच्या पाया पडला आणि मलाही त्याने गरगर फिरवलं. हसून हसून आमची पोटं दुखली.

स्वतःची चूक सापडल्यावर इतका आनंदलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.