कापलेली पट्टी

"आता तुम्ही सांगा मले."

औषध हाती देण्याआधी आमचे औषधवाले काका गोळ्यांच्या पट्टीवर बोट दाबून धरायचे आणि गिऱ्हाइकाकडून सगळं वदवून घ्यायचे. गोळी कशाची, केव्हा घ्यायची, किती. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. एकदा एक ट्रकवाला वैतागला. "काका, औषध घेऊन राह्यलो, परीक्षा नाही देऊन राह्यलो." काका म्हणाले, "परीक्षाच आहे बाप्पा. नापास झाला तं तूच भोगशील." बोट काही उचललं नाही.

असा एखादा खडूस औषधवाला तुम्हीही पाहिला असेल. आमच्या वणीतल्या या औषधवाल्याचं नाव सांगत नाही. गावातल्या लोकांना एवढ्यावरच कळेल.

बारावीनंतर मला फार्मसीची सीट लागली होती. बाबा कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्यांच्या मनात कोणीतरी भरवलं होतं की पोरीला फार्मसी करू द्या. सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानात टांगायचं आणि भाडं घरबसल्या घ्यायचं. दुकानाचं तोंडही पाहायला नको. आपल्याकडे हे चालतं, तुम्हाला माहीत आहे. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, खोटं कशाला सांगू? तरी बाबा मला घेऊन काकांना विचारायला गेले.

काकांनी ऐकून घेतलं. "भिंतीवर टांगायलेच पाह्यजे असन तं कॅलेंडर आणा." मग माझ्याकडे वळले. "पंधरा दिवस माह्या बाजूले उभी राह्य. मंग ठरव."

मी उभी राहिले. गोळ्या द्यायची मला बंदी होती. खोकी लावायची आणि पट्ट्या कापायच्या, एवढंच काम. त्यातही त्यांचा एक नियम. नाव आणि तारीख छापलेली बाजू आपल्याकडे ठेवायची, दुसऱ्या टोकाकडून कापायचं. "बिननावाचा तुकडा माह्या दुकानात नाही पाह्यजे," रोज एकदा तरी ऐकवायचे. मला त्याचा कंटाळा यायचा. एवढीशी कात्री, तिचं केवढं अवडंबर!

चौदाव्या दिवशी दुपारी ते माझ्याच सीटची शेवटची तारीख पाहायला कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. "मी येईस्तोवर कोणाले काही देऊ नको," असं दोनदा सांगून गेले.

तेवढ्यात मुकुटबनच्या एक आजी आल्या. दर महिन्याच्या गिऱ्हाईक, बीपीची गोळी न्यायच्या. गाडी सुटायला आली होती आणि त्यांचा जीव वरखाली होत होता. मी बीपीच्या कप्प्यातला तुकडा काढला, त्यावर काकांसारखंच बोट ठेवलं आणि म्हटलं, "आता तुम्ही सांगा मले." आजींनी घडाघडा सांगितलं. मला काय ऐट वाटली म्हणून सांगू.

काका आले. "उद्या पाच वाजेपर्यंत पक्की करायची सीट," म्हणत सवयीने कप्पे पाहू लागले आणि थांबले. "शुगरच्या गोळीचा तुकडा कुठी आहे?"

सकाळी ती पट्टी मी उलट्या बाजूने कापली होती. उरलेल्या तुकड्यावर नाव नव्हतं, आणि तो मी बीपीच्या कप्प्यात टाकला होता. तोच आजींना गेला.

ते ओरडले नाहीत. शटर ओढलं, स्कूटर काढली. मला मागे बस म्हणायचीही गरज नव्हती. मुकुटबनपर्यंत ते एकच वाक्य बोलले. "आज सोमवार, म्हातारीले उपास असन, साखर झपाट्यानं उतरन."

आजी ओसरीत आडव्या होत्या. दुपारची गोळी राहिली म्हणून बसमध्येच घेतली होती. अंगाला घाम सुटला होता, हात थरथरत होते. काकांनी आधी साखरपाणी पाजलं, मग शेजाऱ्याच्या ऑटोतून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांना काहीही न लपवता सांगितलं, आणि आजींनाही. "माय, आमच्या दुकानातून चुकीची गोळी गेली. चूक माही. दुकान उघडं टाकून मी गेलतो."

मी बाजूला उभी होते. माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

डॉक्टर बोटाला टोचून पुन्हा पुन्हा साखर तपासत होते. प्रत्येक वेळी काका आकडा विचारायचे आणि माझ्याकडे बघायचे. आजींना काही झालं तर, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. संध्याकाळी त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "लेकरावर राग नोको धरू बावा." तेव्हा मला रडू फुटलं.

परतताना मीच म्हटलं, "काका, हे काम माह्याच्यानं नाही होत. मी नाही घेत सीट."

आमच्या दारात स्कूटर थांबवून ते म्हणाले, "आज झोप लागली तं फार्मसी करू नको. नाही लागली तं उद्या पाचाच्या आत ये."

झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी सीट पक्की केली. माझा निर्णय बरोबर की चूक, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, "पट्टी दाखव."

आता माझं स्वतःचं दुकान आहे. सर्टिफिकेट भिंतीवर आहे आणि खाली मी उभी असते. काका थकले, त्यांचं दुकान बंद झालं. त्यांच्या घरापासून माझ्या दुकानापर्यंत औषधांची चार दुकानं लागतात. ती ओलांडून ते दर महिन्याला आपली गोळी न्यायला काठी टेकत यायचे, पट्टी उजेडात धरून नाव आणि तारीख वाचायचे, कापलेली कड तपासायचे आणि मगच खिशात टाकायचे.

शेवटचे आले तेव्हा धाप लागली होती. मी पट्टीवर बोट ठेवलं. "काका, आता तुम्ही सांगा मले."

"सकाळी एक. जेवणाच्या आंधी. हृदयाची." शहाण्या मुलासारखं सांगितलं. मी बोट उचललं.

त्यांनी पट्टी घेतली आणि न बघताच खिशात टाकली.

मी पाठमोरे काका वळणापर्यंत पाहत राहिले. पुढच्या महिन्याची त्यांची पट्टी मी कापून ठेवली होती. ती न्यायला ते आले नाहीत.