फाट्यावरचा ब्रेकर

जे लिहायला बसले आहे, ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, आईपुढे नाही. माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं जिला वाटतं त्या मैत्रिणीपुढेही नाही. परवा आमच्याकडे जेवायला मंडळी होती. विषय निघाला — गावांतून जाणाऱ्या रस्त्यांवरची वेगमर्यादा वाढवावी, की सरळ काढूनच टाकावी? रस्ते सुधारले, गाड्या सुधारल्या, मग चाळीसच्या पाट्या कुणासाठी? सगळे तावातावानं बोलत होते. मी दही आणायच्या निमित्तानं उठले आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. कारण त्यातलं एकेक वाक्य माझं होतं. एके काळी मी ते एका गावापुढे ऐकवलं होतं. तेवढ्यानं भागेना, म्हणून वर एक खोटंही बोलले होते. त्या खोट्यापायी एक बाई जिवानिशी गेली.

सांगते. पण एका दमात जमेलसं वाटत नाही.

माझं माहेर बुधवार पेठेतलं. तिथं गाडी चालवणं म्हणजे हातगाडीच्या मागून हातगाडीच्या चालीनं जाणं. कॉम्प्युटरच्या नोकऱ्या भराभर मिळायला लागल्या त्या दिवसांतली मी. आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी माझी. लग्न झालं आणि विश्रांतवाडीच्या बरंच पुढे, शहर संपून शेतं सुरू होत होती तिथल्या नव्या सोसायटीत आम्ही फ्लॅट घेतला. नवरा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत, मी इथं एकटी. ऑफिसला जायचा रस्ता एका गावावरून जायचा. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना माझा त्रास झाला तेवढा पुरे. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये नवाकोरा डांबरी रस्ता. काटा सत्तरच्या पुढे सरकला की माझ्या अंगात काहीतरी मोकळं व्हायचं. मला वेग आवडायचा. आजही आवडतो — उगाच साळसूदपणा कशाला?

आणि गावच्या फाट्यावर तो ब्रेकर.

सरकारी नव्हता. तिथं एकाला ट्रकनं उडवलं होतं, त्यानंतर गावानं स्वतःच मुरूम आणि सिमेंट आणून घातला होता. चांगला वीतभर उंच. शेजारी चाळीसची पाटी होती, पण पाटीला कोण विचारतो? ब्रेकरला मात्र नाक घासून सलाम करावा लागायचा. गाडीचं पोट घासायचं, मागे रांग लागायची, सकाळची मीटिंग चुकायची. प्रमोशन तोंडावर आलेलं, आणि वरिष्ठांना काय सांगू — गावकऱ्यांनी रस्त्यात टेकाड बांधलंय? माझा तिळपापड व्हायचा.

सोसायटीत ठरलं, गावाला जाऊन भेटायचं. बोलायला मी. दुसरं कोण असणार? मला बोलता येतं, हा माझा फार जुना गर्व.

मारुतीच्या देवळापुढे सगळे जमले. मी सुरू झाले. मर्यादा कशा जुनाट आहेत, वेग म्हणजे प्रगती, रिकाम्या रस्त्यावर माणसाला रांगायला लावणं हा अन्याय. त्यांनी ऐकून घेतलं. मग एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "बाई, तुमचं बोलनं लई ग्वाड हाय. पर आमची मान्सं रोज रस्ता वलांडत्यात." झालं. एवढंच. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्यामागे उभे असलेले सोसायटीवालेसुद्धा चुळबुळायला लागले. मी हरत होते. मला हरायची सवय नव्हती.

इथं आले की मी दर वेळी अडते. मनातल्या मनात सांगतानाही अडते.

मी म्हटलं, "गेल्या महिन्यात मला दिवस गेले होते. तुमच्या ह्या ब्रेकरवर गाडी आदळली आणि सगळं संपलं."

मला दिवस गेलेले नव्हते. कधीच गेले नव्हते. नवरा कित्येक महिने परदेशात होता. कुणी बोटांवर महिने मोजले असते तर मी तिथंच उघडी पडले असते. पण असलं दुःख ऐकल्यावर महिने कोण मोजतं? सोसायटीतल्या एकीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो मी ठेवू दिला. डोळ्यांत पाणीही आलं — ते कसं आलं, देव जाणे. भीतीचं असेल.

बायकांच्या बाजूनं एक बाई उठल्या. सावळ्या, हाडापेरानं मजबूत, चाळिशीच्या. त्या कौसल्याबाई. फाट्यावर ट्रकखाली गेलेला माणूस त्यांचा नवरा, हे मला तिथंच कळलं. त्या म्हणाल्या, "काढा त्यो. माझ्या मालकापायी घातलाता न्हवं? मग मीच सांगती, काढा. पोटातलं लेकरू गेलं हिचं." आणि सभा संपली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या माणसांनी पहारी घेऊन ब्रेकर उखडला. मी जिंकले होते. संध्याकाळी दार वाजलं — कौसल्याबाई, हातात डबा. ज्या बाईचं अर्ध्यातच पोट पडतं तिला आपल्याकडे कच्ची बाळंतीण म्हणतात. तिलाही बाळंतिणीसारखंच जपायचं असतं, आणि माझ्याजवळ तर कुणी नव्हतं. त्यांनी माझे कान फडक्यानं बांधले, मला पडायला लावलं, वाटीत हळिवाची खीर वाढली. मी खाल्ली. खीर चांगली झाली होती. सगळं सांगायचं ठरवलंय, तर हेही सांगायला हवं.

त्या येत राहिल्या. आणि मला — हे कसं सांगू — त्या आवडायला लागल्या. जिला फसवलं तिच्यावरच जीव जडतो, हे तुम्हाला खरं वाटतं का? मला तेव्हाही वाटत नव्हतं. नवरा परतला तेव्हा जिन्यात त्यांनी त्याचंही सांत्वन केलं, पुन्हा होईल म्हणाल्या. त्यानं घरात येऊन मला विचारलं, काय पुन्हा होईल? मी म्हटलं, त्यांची कुणाशी तरी गल्लत झालीय. तोही विषय मिटला. खोटं एकदा जमलं की पुढची आपोआप जमतात.

मग मला खरंच दिवस राहिले. आईच्या आधी मी कौसल्याबाईंना सांगितलं.

तोवर फाट्यावर गाड्या सुसाट जायला लागल्या होत्या. माझी त्यात होतीच. एका सायकलवाल्याला धक्का बसला, त्याचा पाय मोडला. गाव पुन्हा देवळापुढे जमलं, आम्हालाही निरोप आला. ब्रेकर परत घालायचा, असंच सगळ्यांचं म्हणणं पडलं. मला केवढं हायसं वाटलं. आपण तोंड न उघडता सगळं जागच्या जागी जाणार, असं वाटलं.

तर कौसल्याबाई उठल्या. माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "ही पोटुशी हाय. येकदा झालं तेवढं बास. हिला सुखरूप सुटू द्या, मग घाला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कबूल करायचीसुद्धा गरज नव्हती, हे लक्षात घ्या. "घाला ब्रेकर, मी सावकाश जाईन" — एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलं होतं. पण म्हटलं तर कुणीतरी विचारेल, मागच्या वेळी सावकाश का नाही गेलीस? आणि मग त्या धाग्यानं सगळंच उसवेल. मी मान खाली घातली. पोटावर हात ठेवला. लोकांनी तो होकार समजला.

पहिलं खोटं मी बेफिकिरीत बोलले, असं एखादा म्हणेल. पण त्या दिवशी? त्या दिवशी मला काय होऊ शकतं ते माहीत होतं. सायकलवाला पायाला प्लास्टर घालून समोर बसला होता.

एका सकाळी ऑफिसला निघाले, तर फाट्यावर गर्दी. गाडी बाजूला घेतली. हिरवा चारा रस्ताभर विस्कटलेला, त्यात एक चप्पल. कौसल्याबाई भारा घेऊन रस्ता ओलांडत होत्या. शहराकडून आलेली गाडी थांबलीसुद्धा नाही. दवाखान्यात पोचायच्या आत त्या गेल्या होत्या.

दुपारी मी त्यांच्या घरी गेले. शपथेवर सांगते, सांगायच्याच इराद्यानं गेले होते. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, मध्ये त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाई. मी त्यांच्यापुढे बसले. "आजी" म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे, आणि म्हणाल्या, "ऊठ पोरी. पोटुशीनं मयताच्या घरात बसू न्हाय. ती असती तर तिनंच उठीवलं असतं तुला." दोन बायकांनी मला दंडाला धरून हलकेच उठवलं, उंबऱ्याबाहेर आणलं, गाडीपर्यंत सोडायला आल्या. वाटेत खड्डा होता तिथं जपून चाल म्हणाल्या.

मी गाडीत बसले आणि गेले. ब्रेकर गावानं पुन्हा घातला, त्यासाठी कुणी मला विचारायला आलं नाही. पुढे आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलो. माझी मुलगी मोठी झाली.

हे सांगायचं होतं ते त्या घरात, त्या बायकांना. ती बोलायची जागा होती. तिथं मी गप्प बसले आणि आज तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही.